कॅमेरा आपला, गच्ची शेजाऱ्यांची

वाचकांचे प्रश्न

सीसीटीव्ही आणि खासगीपणा या विषयावर खान्देशातून आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. काही पत्रे कॅमेरे बसवणाऱ्यांची आहेत, काही सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची, काही कॅमेऱ्यासमोर राहावे लागणाऱ्यांची. नावे सगळ्यांचीच गाळली आहेत.

प्रश्न : मी चाळीसगावात कॅमेरे बसवतो. गल्लीतल्या एका घराच्या दारावर लावलेल्या कॅमेऱ्यात समोरच्यांची गच्ची येते. उन्हाळ्यात ते लोक रात्री गच्चीवर खाटा टाकून झोपतात, त्यावरून भांडण झालं. मी मोबाइल अ‍ॅपमध्ये गच्चीवर काळा चौकोन टाकून त्यांना दाखवला. पण नंतर रेकॉर्डिंग लावलं, तर गच्ची लख्ख दिसते. असं कसं?

चौकोन कुठे टाकला, यावर सगळं अवलंबून आहे. चित्र लेन्समधून निघून मोबाइलपर्यंत पोचेस्तोवर तीन ठिकाणी झाकता येतं : कॅमेऱ्यात, डीव्हीआर किंवा एनव्हीआरमध्ये (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीत) आणि बघायच्या अ‍ॅपमध्ये. तुम्ही शेवटच्या जागी झाकलं. तिथला चौकोन फक्त त्या फोनच्या पडद्यावर असतो. डिस्कवर चित्र उघडंच लिहिलं जातं आणि दुसऱ्या फोनवर ते तसंच दिसतं.

आयपी कॅमेरा (नेटवर्कवर चालणारा) असेल, तर कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘प्रायव्हसी मास्क’ लावा. तिथे व्हिडिओ तयार होण्याआधीच ती जागा काळी होते, म्हणून पुढे डिस्क कोणीही काढून नेली तरी त्यात गच्ची नसते. साध्या कॅमेऱ्यांत बहुधा चार चौकोन मिळतात. कोएक्सिअल केबलवरचा जुना ॲनालॉग कॅमेरा असेल, तर हे काम डीव्हीआरला करावं लागतं. काही डीव्हीआरमध्ये ‘लाइव्ह’ आणि ‘रेकॉर्ड’ अशा दोन वेगळ्या खुणा असतात, दोन्ही करा. एकच केली की तुमच्यासारखीच फसगत होते.

आणखी एक गल्लत नेहमी होते. ‘मोशन डिटेक्शन’चा भाग निवडणं म्हणजे झाकणं नव्हे. गच्ची त्या भागातून वगळली, तर गच्चीवरच्या हालचालीने रेकॉर्डिंग सुरू होणार नाही, इतकंच. गल्लीतून एखादं कुत्रं गेलं की गच्चीसकट सगळं चित्र नोंदलं जाईल.

पण चौकोनाच्या आधी लेन्सकडे बघा. २.८ मिलिमीटरची लेन्स साधारण १०० अंशांचं चित्र घेते. सहा मीटरवर जवळपास १४ मीटर रुंदीचं. दारापुढचा ओटा आणि मोटारसायकल बघायला एवढं कशाला हवं? ६ मिलिमीटरची लेन्स साधारण ५० अंश घेते, त्याच अंतरावर साडेपाच मीटर. लेन्स बदलून कॅमेरा थोडा खाली वाकवला की बऱ्याच वेळा गच्ची चित्रातूनच जाते. उरलं तेवढ्यावर मास्क टाका, आणि गच्चीच्या कठड्याबाहेर हातभर जास्तच टाका.

मग तपासणी करा. मुख्य स्ट्रीम (पूर्ण दर्जाचं वाहतं चित्र), सब-स्ट्रीम (फोनसाठीचं हलकं चित्र), मास्क लावल्यानंतरचं रेकॉर्डिंग, पेन ड्राइव्हवर काढलेली क्लिप आणि अलर्टसोबत फोनवर येणारा फोटो, या पाचही ठिकाणी गच्ची झाकलेली दिसली पाहिजे. चित्र उलटं किंवा आडवं-उभं फिरवलं, झूम बदलला, फर्मवेअर नवं टाकलं की पुन्हा तपासा. मास्क जागचा हलतो किंवा पुसलाच जातो. शेजाऱ्यांना दाखवायचं ते रेकॉर्डिंग दाखवा. ते आधी उघडं निघालं होतं, हेही त्यांना सांगा आणि त्या दिवसांचं रेकॉर्डिंग पुसून टाका. त्यांचा तेवढा हक्क आहे.

प्रश्न : जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. केळीच्या पॅकहाऊससाठी असं सॉफ्टवेअर करतोय की मजुरांचे चेहरे आपोआप धूसर होतील आणि मालाची हालचाल तेवढी दिसेल. डेमोत छान चालतं, पण मध्येच एखाद्या फ्रेममध्ये चेहरा चमकून जातो. शिवाय गाइड म्हणतात, धूसर करणं पुरेसं नाही.

गाइड बरोबर सांगत आहेत. आधी चमकणाऱ्या चेहऱ्याचं बघू.

ओळख लपवायच्या कामात चुकांचा हिशेब उलटा असतो. सेकंदाला १५ फ्रेम असतील आणि त्यातल्या १४ झाकल्या, तरी पंधरावीवर व्हिडिओ थांबवून चेहरा बघता येतो. म्हणजे ‘९३ टक्के अचूक’ हा आकडा इथे निरर्थक आहे. माणूस मान वळवतो, क्रेट आड येतो, उजेड मागून येतो, तेव्हा शोधक (चेहरा शोधणारा प्रोग्राम) चुकणारच. ते गृहीत धरून रचना करा.

त्यासाठी एक सेकंदाचा बफर ठेवा, म्हणजे १५ फ्रेम हातात धरून मगच पुढे सोडा. १०८० रेषांची एक फ्रेम कच्च्या स्वरूपात साधारण ३.१ मेगाबाइट होते, म्हणून एका कॅमेऱ्याला ४७ आणि आठ कॅमेऱ्यांना पावणेचारशे मेगाबाइटच्या आत मेमरी पुरते. या सेकंदभराच्या सवडीत पुढची फ्रेम बघून मागची झाकता येते : पाचव्या आणि नवव्या फ्रेममध्ये माणूस सापडला, तर मधल्या तीन फ्रेममधली त्याची जागा काढून तिथेही मास्क टाकायचा. नुसता चौकोन मोठा करून भागत नाही. चालणारा माणूस तीन फ्रेमच्या ०.२ सेकंदात पाऊण फुटाच्या आसपास सरकतो, तिथे चौकोन तीस-चाळीस टक्क्यांनी वाढवला की चालून जातं. पण आवारात तीसच्या वेगाने आलेली मोटारसायकल तेवढ्यात दीड मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. सुरक्षारक्षकाला चित्र सेकंदभर उशिरा दिसलं तर काही बिघडत नाही.

शोधकाचा थ्रेशोल्ड, म्हणजे किती खात्री वाटली की मास्क टाकायचा तो आकडा, खाली आणा. ०.६ ठेवला असेल तर ०.३ करून बघा. क्रेटवर, गोणीवर उगाच मास्क पडतील. पडू द्या.

आणि चेहरा शोधूच नका, अख्खा माणूस शोधा. आपल्याकडे मार्चपासून पुरुषांच्या डोक्या-तोंडाला रुमाल आणि बायकांच्या तोंडाला स्कार्फ असतो, फक्त डोळे उघडे. चेहऱ्यांच्या नेहमीच्या डेटासेटवर शिकलेला शोधक अशा तोंडाला चेहरा मानेलच असं नाही. पण सोबत काम करणारा मात्र चाल आणि लुगड्याचा रंग बघून लगेच सांगतो की ही अमकी. तुमच्या गरजेला माल दिसला पाहिजे, माणसाची नुसती सपाट आकृती पुरे आहे. तपासणीसाठी परदेशी व्हिडिओंवर विसंबू नका. त्या पॅकहाऊसमधलेच, मजुरांना विचारून घेतलेले, दुपारच्या उन्हातले आणि रात्री ट्यूबलाइटखालचे तुकडे वापरा.

आता धूसर करण्याबद्दल. १२० पिक्सेल रुंदीच्या चेहऱ्यावर ८ पिक्सेलचे ठोकळे पाडले, तर १५ गुणिले १५ असे सव्वादोनशे ठोकळे उरतात. माणसाच्या डोळ्याला त्यात काही कळत नाही, पण ओळखीच्या चेहऱ्यांच्या यादीशी ताडून बघणाऱ्या न्यूरल नेटवर्कला कळतं. असे प्रयोग २०१६ मध्येच झाले आहेत. त्यातही चेहरा ठोकळ्यांच्या जाळीखालून सरकत असतो, म्हणून दर फ्रेमला थोडी वेगळी माहिती बाहेर पडते आणि अनेक फ्रेम जुळवल्या की चित्र सुधारत जातं. गॉसियन ब्लरही गणिताने काही अंशी उलटवता येतो. एकाच रंगाने भरलेल्या आकृतीत उलटवण्यासारखं काहीच उरत नाही. ती दिसायला ओबडधोबड असली तरी तीच घ्या.

तुमच्या कोडमध्ये गळतीच्या जागा मात्र वेगळ्याच असतील, तिकडे आताच नजर टाका. शोधक नीट चालतो का, हे बघायला ‘डीबग’ फोल्डरमध्ये चेहऱ्यांचे कापलेले तुकडे साठवले असतील. फोनला जाणारा अलर्टचा फोटो मास्कच्या आधीच्या टप्प्यावरून उचलला असेल. टाइमलाइनचे छोटे थंबनेल एखादी वेगळी लायब्ररी थेट कॅमेऱ्यातून बनवत असेल. उघडी फ्रेम ज्या ज्या फंक्शनला मिळते त्यांची यादी कागदावर लिहा. ती दोन-तीन ओळींत मावली पाहिजे.

शेवटचं, लाइट जाण्याचं. लाइट येते, मशीन पुन्हा सुरू होते, रेकॉर्डिंगचा प्रोग्राम पाच सेकंदांत उभा राहतो आणि शोधकाचं मॉडेल लोड व्हायला चाळीस सेकंद लागतात. मधली पस्तीस सेकंदं उघडी. दिवसातून चार वेळा लाइट गेली की रोज सव्वादोन मिनिटांहून थोडं जास्तच उघडं रेकॉर्डिंग साठतं आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. नियम असा लिहा : मास्क करणारा भाग ‘तयार’ म्हणत नाही तोवर काळी फ्रेम लिहायची. चालता चालता तो दोन सेकंद गप्प झाला तरी हेच. मालक म्हणेल, चोरी त्याच वेळी झाली तर? त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

प्रश्न : धुळ्यात दुकानं-सोसायट्यांसाठी कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. गिऱ्हाईक म्हणतं, रोज चेहरे झाका, पण चोरी झाली तर पोलिसांना उघडं रेकॉर्डिंग मिळालं पाहिजे. दोन्ही कसं साधायचं?

दोन स्ट्रीम ठेवून. झाकलेला स्ट्रीम रोजच्या वापराला. मूळ स्ट्रीम एन्क्रिप्ट करून (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून) बाजूला, आणि तो उघडायची किल्ली त्या मशीनवर ठेवायची नाही.

कामाची पद्धत अशी. मूळ व्हिडिओचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला नवी एईएस-२५६ (एन्क्रिप्ट करायची एक पद्धत) किल्ली बनवा, तिने तुकडा बंद करा, मग ती किल्ली सोसायटीच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून तुकड्यासोबत ठेवा आणि मेमरीतून पुसा. मशीनला बंद करता येतं, उघडता येत नाही. डीव्हीआर चोरीला गेला तरी आतलं सुरक्षित. उघडणारी खासगी किल्ली शमीरच्या पद्धतीने तीन भागांत वाटा, त्यातले कोणतेही दोन आले की उघडेल अशी : अध्यक्ष, सचिव आणि एक महिला सभासद. बँकेच्या लॉकरला लागतात तशा दोन किल्ल्या. एकटा सचिव रात्री बसून कोण कोणाकडे जातं ते बघू शकत नाही, आणि एक जण गावाला गेला तरी अडत नाही.

तुकडे लहान ठेवण्याचं कारण असं की चोरी सव्वासात ते साडेसातच्या दरम्यान झाली, तर दोन-तीन तुकडेच उघडायचे. पूर्ण दिवसाला एकच किल्ली ठेवली, तर पंधरा मिनिटांसाठी अख्ख्या सोसायटीचा दिवस उघडा पडतो. उघडताना कोणी, कधी, कोणत्या कारणासाठी हे नोंदवहीत गेलंच पाहिजे. कारणाची चौकट रिकामी ठेवता येऊ नये आणि नोंद ॲडमिनलाही पुसता येऊ नये. मागच्या नोंदीचा हॅश (तिच्यावरून गणिताने काढलेला ठसा) पुढच्या नोंदीत घातला की मधली नोंद काढल्यावर साखळी तुटलेली दिसते.

आधीच्या प्रश्नातली पस्तीस सेकंदं इथे सांभाळली जातात. एन्क्रिप्ट करणारा भाग हलका असतो, तो लगेच सुरू होतो. मॉडेल लोड होईपर्यंत रोजचा स्ट्रीम काळा राहिला तरी मूळ चित्र बंद पेटीत जात असतं.

पोलिसांना देताना मूळ फाइल जशीच्या तशी द्या, दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून नव्हे, आणि एसएचए-२५६ हॅश सोबत छापा. १ जुलै २०२४ पासून पुराव्याच्या जुन्या कायद्यातल्या ६५ ब ऐवजी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्याच्या प्रमाणपत्राचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग आहेत. पहिला फाइल देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश लिहायचा असतो. तुमच्या सॉफ्टवेअरने ‘अ’ भागातली मशीनची माहिती आणि हॅश आपोआप भरून दिले, तर सचिवांची मोठी अडचण दूर होईल. घड्याळही सांभाळा. आतला बटन सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख कुठल्या कुठे जाते, आणि चुकीच्या तारखेच्या व्हिडिओवर कोर्टात पहिला प्रश्न तोच येतो. वेळ इंटरनेटवरून रोज जुळवून घ्या आणि फरक पडला की नोंदवा.

प्रश्न : भुसावळच्या आमच्या सोसायटीत चार कॅमेरे आहेत. किती दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवावं? बसवणारा म्हणतो डिस्क मोठी आहे, काळजी नको.

काळजी मोठ्या डिस्कचीच आहे. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) मध्ये सेकंदाला साधारण २ मेगाबिट लिहितो, म्हणजे दिवसाला २१.६ गिगाबाइट. चार कॅमेऱ्यांचे ८६.४. चार टेराबाइटच्या डिस्कवर ४६ दिवस मावतात, आणि नुसत्या हालचालीवर रेकॉर्डिंग ठेवलं तर तीन-चार महिनेही. डिस्क भरल्याशिवाय जुनं पुसायचं नाही, हीच बहुतेक डीव्हीआरची मूळ सवय. म्हणजे कोण किती वाजता घरी येतं याचा तीन महिन्यांचा हिशेब, कोणी न ठरवता, साठत राहतो.

सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगची मुदत दिवसांत घालायची सोय शोधा. चोरी किंवा गाडीला धक्का हे साधारण आठवडाभरात कळतं; सोसायटीला पंधरा दिवस पुरेत, सुट्टीत गावी जाणारी कुटुंबं जास्त असतील तर तीस. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांना वेगळी मुदत देता आली तर फाटकाला तीस, जिन्याला सात. ‘लॉक’ केलेल्या क्लिपा मुदतीत पुसल्या जात नाहीत, त्या दर सभेला बघून सोडवा. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलेली क्लिप कोणत्याच मुदतीत पुसली जात नाही, म्हणून ग्रुपवर टाकणं बंद असा ठराव करा.

प्रश्न : आमची जिनिंग मिल आहे, एरंडोलजवळ. सहा जणांच्या फोनवर कॅमेरे दिसतात, सगळ्यांचा एकच पासवर्ड. एक सुपरवायझर सोडून गेला तरी त्याला अजून दिसतं असं कळलं. काय करावं?

आज पासवर्ड बदला आणि जोडलेली सगळी उपकरणं ‘लॉगआउट’ करा. त्यानंतर ॲडमिनचं खातं फक्त तुमच्याकडे ठेवा आणि बाकीच्यांना प्रत्येकी वेगळं खातं द्या. वजनकाट्यावरच्या माणसाला काट्याचा एकच कॅमेरा, लाइव्ह. सुपरवायझरला लाइव्ह आणि मागचं बघणं. क्लिप बाहेर काढण्याची परवानगी एकालाच. कोणी सोडून गेला की त्याचं खातं बंद करा, बाकीच्यांना काही कळायचंही कारण नाही.

मग एक गोष्ट नक्की तपासा : डीव्हीआर कंपनीच्या क्लाउडवर कोणाच्या नावाने नोंदलेला आहे? बसवणारा घाईत स्वतःच्या ॲपवरून स्कॅन करतो आणि तुम्हाला ‘शेअर’ करून देतो. मग खरा मालक तो आणि तुम्ही पाहुणे. त्याच्याकडून नोंद सोडवून घ्या, स्वतःच्या नावाने करा, मग हवं तर त्याला दुरुस्तीपुरतं शेअर करा. राउटरमध्ये यूपीएनपी (उपकरणांना बाहेरची वाट आपोआप उघडू देणारी सोय) बंद करा. ८० आणि ५५४ हे पोर्ट बाहेर उघडे असतील तर तेही. ते उघडे असले की इंटरनेट चाळणाऱ्या यंत्रांना तुमचा कॅमेरा सापडतो, आणि पासवर्ड मूळचाच असेल तर चित्रही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी यातून घ्यायचं ते एवढंच की पहिल्यांदा सुरू करताना ‘ॲडमिन’सोबत दुसरं खातं बनवायला लावा. नंतर कोणी बनवत नाही.

प्रश्न : नंदुरबारला मुलींच्या वसतिगृहात कॅमेरे बसवायचे आहेत. आवाजही रेकॉर्ड करावा असं व्यवस्थापन म्हणतं.

आवाज नको. मारामारी किंवा बाहेरचा माणूस चित्रात दिसतो. आवाजाने मिळतात त्या मुलींच्या आपसातल्या गोष्टी. माइक सेटिंगमधून बंद करा, शक्य असेल तर माइक नसलेलाच कॅमेरा घ्या. जागा : फाटक, आवार, जिना, भोजनगृह. खोल्या, न्हाणीघर, कपडे वाळत घालायची गच्ची इथे नाही, मास्क लावूनही नाही. कारण मास्क एका क्लिकने निघतो आणि समोरच्या मुलीला ते कळायला मार्ग नसतो. खोलीचं दार उघडल्यावर आतलं दिसणार नाही असा बोळातल्या कॅमेऱ्याचा कोन ठेवा. स्त्री खासगी कृतीत असताना तिचं चित्र घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षांची कैद. खासगी अवयवांचं चित्र घेण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई लागतं.

प्रश्न : दुकानात ‘आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात’ अशी पाटी आहे. नव्या डेटा कायद्याला ती पुरेल का? दुकान शहाद्यात आहे, गिऱ्हाईक डोंगरातलंही येतं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. स्वतःच्या घरगुती कारणासाठीचा कॅमेरा त्यातून वगळलेला आहे, दुकानाचा नाही. पाटीवर चार गोष्टी घाला : कॅमेरा कशासाठी, रेकॉर्डिंग किती दिवस, आवाज आहे की नाही, तक्रार कोणाकडे आणि कोणत्या नंबरवर. कायद्यात सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत देण्याची सोय आहे. मराठी त्यात येते, अहिराणी आणि भिली येत नाहीत. तरी कॅमेऱ्याचं चित्र मोठं काढा, आणि विचारलं तर काउंटरवरच्या माणसाला गिऱ्हाइकाच्या बोलीत सांगता आलं पाहिजे.

प्रश्न : जुना डीव्हीआर विकायचा आहे. फॉर्मॅट केला की झालं ना?

नाही. मेनूतल्या फॉर्मॅटने बहुधा फक्त यादी पुसली जाते, व्हिडिओ डिस्कवर तसेच राहतात आणि साध्या रिकव्हरी प्रोग्रामने निघतात. डिस्क काढून संगणकाला जोडा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यं लिहा. सेकंदाला १०० मेगाबाइटच्या वेगाने एका टेराबाइटला पावणेतीन तास लागतात, चार टेराबाइटला अकरा. रात्री लावून ठेवा, इन्व्हर्टरवर. डीव्हीआर ‘फॅक्टरी रिसेट’ करा, क्लाउडवरची नोंद सोडवा. कॅमेऱ्याच्या पोटात मेमरी कार्ड असेल तर ते काढून घ्या, ते नेहमी विसरलं जातं.